साभार परत आल्यावर: प्रकाशक, दिवाळी अंक आणि एजंट यांच्या नकाराचं नेमकं काय करायचं?

शनिवारपेठी

दिवाळी अंकांच्या मुदती जवळ आल्या की दरवर्षी या विभागात तेच प्रश्न सुटे सुटे येतात. नकार आला, आता काय करू? तीन महिने उत्तरच नाही, हा नकार समजायचा का? एकाच वेळी दोन प्रकाशकांना दिलं तर चालतं का? इंग्रजीत लिहिणारे एजंटांबद्दल, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करणाऱ्यांबद्दल, विचारतात. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा.

दोन विनंत्या. जगप्रसिद्ध लेखकांना अमुक इतके नकार आले आणि मग लाखो प्रती खपल्या, या गोष्टी इथे नकोत. त्या वाचून कुणाचं हस्तलिखित सुधारलेलं नाही. आणि आपापले किस्से गप्पांच्या पानावर टाका, इथे फक्त कृती लिहा.

सुरुवात मी करतो. पहिला नकार येण्याआधीच एक तक्ता करून ठेवा. रकाने असे: कुणाला पाठवलं, तारीख, कोणता खर्डा, सोबत काय काय दिलं, उत्तर कधी आलं, उत्तरातली वाक्यं जशीच्या तशी, पुढची तारीख. 'जशीच्या तशी' महत्त्वाचं. चार दिवसांनी आठवणीत उरतं ते "त्यांना आवडलं नाही" एवढंच, आणि पत्रात लिहिलेलं असतं "मधली शंभर पानं रेंगाळतात". या दोन वाक्यांवरची कामं अगदी वेगळी आहेत.

नवी_कथाकार

वाचनखूण साठवली. पण आधी हे सांगा ना कुणीतरी, आत नेमकं होतं काय? पाकीट दिलं की ते कुठे जातं?

हस्तलिखितवाचक

नवी_कथाकार ताई, साधारण तीन हातांतून जातं. पहिला हात नोंद करणाऱ्याचा. प्रकार कोणता, पानं किती, आपल्या यादीत बसतं का, फाइल उघडते का, एवढंच तिथे पाहिलं जातं. दुसरा हात बाहेरच्या वाचकाचा. तो एक-दोन पानांचा अभिप्राय लिहून देतो. तिसरा हात संपादक आणि मालक यांचा. तिथे अभिप्रायासोबत हिशेब मांडला जातो. छोट्या प्रकाशनात हे तिन्ही हात एकाच माणसाचे असतात, आणि तोच पार्सलंही बांधत असतो. उशिराचं मुख्य कारण हेच.

म्हणून नकार किती दिवसांनी आला यावरून बरंच कळतं. आठवडाभरात आलेला नकार बहुतेक पहिल्या हातातला असतो. ज्यांच्या यादीत कविता नाही त्यांना कवितासंग्रह, जे मुख्यतः वैचारिक छापतात त्यांना रहस्यकथा. असा नकार आला तर हस्तलिखिताला हात लावू नका, पाठवायची यादी बदला. दोन ते चार महिन्यांनी आलेल्या पत्रात एखाद्या पात्राचं किंवा प्रकरणाचं नाव असेल, तर कुणीतरी पूर्ण वाचलंय. त्यावर काम करायचं. पाच-सहा महिन्यांनी "लेखन आवडलं, पण सध्या घेता येत नाही" असं आलं, तर ते तिसऱ्या हातापर्यंत पोचून हिशेबात अडकलंय.

आता नेहमीची वाक्यं. "आमच्या धोरणात बसत नाही" हे छापील वाक्य आहे, त्यातून अर्थ काढत बसू नये. "पुढच्या दोन वर्षांची पुस्तकं ठरलेली आहेत" हे पुष्कळदा खरंच असतं, पण पुस्तक फार आवडलं असतं तर जागा झाली असती हेही तितकंच खरं. "अनुभव सच्चा आहे" एवढं म्हणून पत्र थांबलं असेल, तर वाचकाला आठवणींचं टिपण मिळालं, कथा मिळाली नाही. प्रसंग एकापुढे एक ठेवलेत आणि एकामुळे दुसरा घडत नाही, हा त्यातला नेहमीचा दोष. "भाषा ओघवती आहे" या स्तुतीनंतर 'पण' आला तर घाटाबद्दल, म्हणजे रचनेबद्दल, तक्रार आहे असं समजा. आणि "पुनर्लेखन करून पुन्हा दाखवा" हा नकारच नाही. लोक तो नकार समजून दुसरीकडे धावतात. मिळालेली सर्वांत चांगली संधी ते तिथे घालवतात.

फॉर्म_सोळा

हिशेबाचं मी लिहितो, कारण लेखकांना तो कुणी दाखवत नाही.

डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा गठ्ठा. २४० पानी कादंबरी म्हणजे १५ फॉर्म. मराठीत डेमीच्या पानावर साधारण २५० ते २८० शब्द बसतात, म्हणजे ती ६० ते ६५ हजार शब्दांची झाली. पूर्वी पहिली आवृत्ती ११०० प्रतींची असे. आता ५०० सर्रास, ३०० सुद्धा. समजा किंमत ३५० रुपये ठेवली. वितरक आणि दुकानदार यांची मिळून ५० टक्के सूट धरली तर प्रकाशकाच्या हातात १७५ येतात. १० टक्के मानधन म्हणजे ३५ रुपये वजा. उरले १४०. पाचशे प्रती *सगळ्या* खपल्या तर ७० हजार. यात कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, गोदाम, कचेरीचा पगार. आणि सगळ्या प्रती वर्षभरात खपत नाहीत.

आता ६०० पानी पहिली कादंबरी घ्या. साडेसदतीस फॉर्म. खर्च अडीचपट, पण किंमत अडीचपट करता येत नाही, कारण नव्या नावाला आठशे-नऊशे रुपये कोण देणार? उत्तम असूनही ती अशीच परत येते, आणि कारण म्हणून पत्रात 'धोरण' लिहिलं जातं. जाड पहिल्या पुस्तकाला चार ठिकाणी विनातपशील नकार आले तर ४० टक्के कापता येईल का ते बघा. किंवा पहिलं पुस्तक म्हणून दुसरंच काही पाठवा.

कवितेबद्दल कटू पण सरळ: स्वतःच्या खर्चाने नव्या कवीचा संग्रह काढणारे प्रकाशक बोटांवर मोजण्याइतके. तिथला नकार कवितेवरचा निकाल धरू नये. आधी नियतकालिकांत वीस-पंचवीस कविता येऊ द्याव्यात, मग संग्रह पाठवावा.

जुना_वर्गणीदार

अवांतर: 'सत्यकथा' हे वाङ्मयीन मासिक १९८२ साली बंद पडलं. तोपर्यंत आणि पुढेही कितीतरी वर्षं स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडायची पद्धत होती. 'सत्यकथा'च्या श्री. पु. भागवतांसारखे संपादक नाकारताना किंवा सुधारणा सुचवताना सविस्तर लिहीत. आजच्या संपादकाकडून ती अपेक्षा ठेवून लोक दुखावतात. आज दोन ओळी आल्या तरी कुणीतरी वेळ काढला असं समजा.

काना_मात्रा

पहिल्या हातातून परत येणाऱ्यांपैकी बऱ्याच फाइली वाचल्याच जात नाहीत, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसणाऱ्या लिपीत, रूपांतर केलंत तर ते आपोआप बरोबर होत नाही. रफार शेजारच्या अक्षरावर जातो, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' फुटतात, पहिली वेलांटी एक घर सरकते, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच काहीतरी येतं. रूपांतर झाल्यावर निदान पहिली तीस पानं अक्षर न् अक्षर बघा, बाकी फाइलीत या चार चुका शोधून शोधून दुरुस्त करा. आवाजी टंकलेखन केलं असेल तर विरामचिन्हं आणि अनुस्वार हमखास गेलेले असतात.

पाठवायचं ते असं: युनिकोड, १४ आकार, दीड ओळीचं अंतर, चारही बाजूंना एक इंच समास, पानांना क्रमांक, प्रत्येक पानाच्या डोक्यावर शीर्षक आणि तुमचं नाव. वर्ड आणि पीडीएफ दोन्ही. पीडीएफ वाचायला, वर्ड खुणा करायला. पानांवर वेलबुट्टी, मुलाने काढलेलं मुखपृष्ठ, तीन मान्यवरांच्या प्रस्तावना, यांतलं काहीही नको. प्रस्तावना आधीच घेऊन ठेवली की संपादकाला वाटतं, हे पुस्तक यांच्या लेखी संपलंय, आता बदलायला तयार होणार नाहीत.

शुद्धलेखनाचे नियम अठरा आहेत. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४. एका बैठकीत वाचून होतात. पहिल्याच पानावर 'आणी' आणि 'परीस्थिती' दिसली की वाचणारा पुढचं संशयाने वाचतो. संवादातली बोली मात्र सुधारू नका. ती शुद्ध केलेली पाहिली की जास्त वाईट वाटतं.

नवी_कथाकार

बापरे. फाइल पुन्हा तपासते. आता तो वादाचा प्रश्न: दोन प्रकाशकांना एकाच वेळी द्यायचं की नाही?

हस्तलिखितवाचक

मराठीत देऊ नये असं माझं मत. वाचकाला मानधन देऊन, तीन महिने थांबून प्रकाशक 'हो' म्हणतो, आणि लेखक सांगतो की दुसरीकडे ठरलं. पुढच्या वेळी त्याचं नाव आठवणीत राहतं, चुकीच्या कारणाने.

फॉर्म_सोळा

असहमत. सहा महिने उत्तर न देणाऱ्याने एकनिष्ठेची अपेक्षा का करावी? तीन ठिकाणी पाळीने दिलं तर दीड वर्ष जातं. चालू घडामोडींवरचं पुस्तक असेल तर तोवर विषयच शिळा होतो.

शनिवारपेठी

दोघांचंही धरून मधला रस्ता आहे. पहिल्या पत्रातच लिहा: "हे हस्तलिखित सध्या फक्त आपल्याकडे दिलं आहे. तीन महिन्यांत कळवाल अशी अपेक्षा करतो." तीन महिने झाले की एक ओळ: "अमुक तारखेला दिलेल्या हस्तलिखिताबद्दल निर्णय झाला आहे का, ते कृपया कळवावं." आणखी तीन आठवडे वाट बघून शेवटचं पत्र: "आपल्याकडून उत्तर न आल्यामुळे आजपासून हे हस्तलिखित इतरत्र पाठवत आहे. पुढे आपल्याला रस वाटल्यास जरूर कळवावं." यात रुसवा नाही, दार बंद नाही आणि तुम्ही मोकळे. वैचारिक किंवा माहितीपर पुस्तक असेल तर पूर्ण हस्तलिखित न देता आराखडा आणि दोन प्रकरणं दोन-तीन ठिकाणी द्यावीत, "इतरांनाही विचारणा केली आहे" असं स्पष्ट लिहून. त्याला कुणी आक्षेप घेत नाही.

फोन करायचाच असेल तर महिन्यातून एकदा, त्याहून जास्त नाही. आणि दर डिसेंबरात पुण्यात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तेव्हा स्टॉलवर हस्तलिखिताची पिशवी घेऊन जाऊ नका. तिथे तो माणूस पावत्या फाडत असतो. तिथे जायचं ते याद्या गोळा करायला. गेल्या दोन वर्षांत कुणी काय काढलं, ते त्या याद्यांत मिळतं. बाकी वर्षभर अप्पा बळवंत चौकात किंवा बाजीराव रस्त्यावर अक्षरधारा या पुस्तकांच्या दुकानात तासभर उभं राहून नव्या पुस्तकांची श्रेयपानं चाळली तरी तीच माहिती मिळते.

दिवा_आणि_अंक

दिवाळी अंकांचं गणित वेगळं आहे, म्हणून स्वतंत्र लिहितो. बहुतेक अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यात सुरू होते, कथा जून-जुलैपर्यंत मागवतात, ऑगस्टमध्ये निवड होते. मोठ्या अंकांतली बरीच पानं निमंत्रित लेखकांकडे आधीच गेलेली असतात. उरलेल्या चार-पाच जागांसाठी तुमची कथा उभी असते. तेव्हा इथला नकार बहुतेक वेळा निव्वळ जागेचा असतो, आणि तो कळवला जात नाही.

ऑगस्टअखेर काही कळलं नाही तर विचारा. उत्तर नाही आलं तर कथा मागे घेतल्याचं लेखी कळवा, आणि *मगच* दुसरीकडे द्या. न कळवता दिली आणि दोन्ही अंकांत छापून आली, तर दोन्ही संपादक कायमचे गेले. हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. सप्टेंबरात मोकळी झालेली कथा साप्ताहिकं आणि त्रैमासिकं यांना पाठवता येते, पुढच्या दिवाळीपर्यंत धरून ठेवायची गरज नाही. शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळा. ३००० मागितले असताना ५२०० पाठवले तर संपादक कापत बसत नाही, पुढची कथा उचलतो.

कर्वेनगरचा_इंग्रजीवाला

एजंटांचं मी घेतो. मराठी पुस्तकांच्या व्यवहारात साहित्यिक एजंट जवळपास नाहीतच, लेखक थेट प्रकाशकाकडे जातो. इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी भारतात मोजक्या एजन्सी आहेत. दिल्लीत रायटर्स साइड, रेड इंक, जयपूरला सियाही. त्यांच्या संकेतस्थळावरचे नियम पाठवण्याच्या दिवशी पुन्हा वाचा, ते बदलत असतात. पुण्यात बसून लंडन-न्यूयॉर्कच्या एजंटांनाही ईमेलने किंवा त्यांच्या अर्जातून पाठवता येतं.

तिथे एकाच वेळी अनेकांना विचारणं ही रीतच आहे, फक्त एका एजन्सीत एका वेळी एकालाच. काही ठिकाणी एकाचा नकार म्हणजे सगळ्या एजन्सीचा. ब्रिटनमध्ये साधारण पत्र, सारांश आणि पहिली तीन प्रकरणं किंवा १० हजार शब्द मागतात. अमेरिकेत पत्र आणि पहिली पाच-दहा पानं, तीही बहुधा ईमेलच्या मजकुरातच, कारण जोडलेली फाइल कित्येक जण उघडत नाहीत. पत्र ३०० ते ३५० शब्दांचं. प्रकार, शब्दसंख्या, दीडशे शब्दांत कथेची पेचाची जागा, गेल्या तीन-पाच वर्षांतली तुमच्या पुस्तकाशी साम्य असलेली दोन पुस्तकं, आणि स्वतःबद्दल दोन ओळी. सारांशात शेवट सांगायचाच असतो. "पुढे काय होतं ते वाचल्यावर कळेल" हे तिथे चालत नाही.

मुख्य मुद्दा आता. सगळ्या नावांना एकदम पाठवू नका. सहा ते आठच्या तुकडीने पाठवा, कारण कुठल्या टप्प्यावर अडलं यावरून दोष कुठे आहे ते कळतं. आठही जणांनी एकही पान मागितलं नाही, तर पत्र किंवा पहिली पानं चुकतायत, किंवा शब्दसंख्या. पहिल्या कादंबरीसाठी ८० हजार ते १ लाखाच्या आसपास ठीक. १ लाख ८० हजार बघितल्यावर पुढे वाचत नाहीत. काही प्रकरणं मागितली पण पूर्ण कादंबरी कुणीच मागितली नाही, तर पत्रात दिलेलं वचन सुरुवातीची प्रकरणं पाळत नाहीत. पूर्ण मागून नाकारली, तर मधला भाग किंवा शेवट. प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती वेगळी. लोक नेमकं उलटं करतात: पत्रावर नकार आला की कादंबरीचा शेवट बदलतात.

अनेक एजंट संकेतस्थळावरच लिहितात की सहा, आठ किंवा बारा आठवड्यांत उत्तर नाही म्हणजे नकार. तिथे आठवण करू नका. पूर्ण कादंबरी मागितली असेल तर मात्र तीन महिन्यांनी एक सभ्य ओळ पाठवायला हरकत नाही. छापील नकाराला उत्तर द्यायचं नाही, आभाराचंही नाही. सविस्तर नकाराला एका ओळीचे आभार पुरेत.

हस्तलिखितवाचक

तुकडीची कल्पना मराठीला जशीच्या तशी लावू नका हं. इथे तुमच्या प्रकारची पुस्तकं काढणारे सात-आठच जण असतील. कच्च्या खर्ड्यावर आठ नकार घेतले की दारं संपली, आणि सुधारलेलं तेच पुस्तक पुन्हा वाचायला कुणी तयार नसतं. म्हणून मराठीत चाळणी आधी लावायची. घरच्यांना वगळून चार वाचक गाठा. त्यांतला एक तरी असा, ज्याला तो प्रकार आवडत नाही. त्यांना "कसं वाटलं" विचारू नका. कुठल्या पानावर थांबलात, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, कुठलं पात्र कोण ते विसरलात, एवढं पान क्रमांकासह लिहून घ्या. तिघांनी जिथे खूण केली तिथे दोष आहे. एकानेच केली असेल तर सोडून द्यायला हरकत नाही. नकारांनाही हाच नियम: एकाने म्हटलं ते मत, तिघांनी म्हटलं ते काम.

आणि पुनर्लेखन करून मागितलं असेल तर आठवड्यात परत पाठवू नका. स्वल्पविराम हलवलेत असंच त्यांना वाटेल. दोन-तीन महिने घ्या, आणि सोबत एक पान जोडा: कुठल्या सूचना घेतल्या, कुठल्या प्रकरणात काय बदललं, कुठली सूचना घेतली नाही आणि का. "का" लिहिलेला लेखक संपादकाला आवडतो.

मावळतीची_भाषांतरकार

अनुवादाचा एक मुद्दा राहिला. पूर्ण अनुवाद करून पाठवला आणि परत आला, यात अनुवादाचा दोष नसतो असं पुष्कळदा दिसतं. हक्कच घेतलेले नसतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतात. जिवंत लेखकाचं पुस्तक असेल तर आधी हक्क मोकळे आहेत का ते विचारा, मग २०-२५ पानांचा नमुना आणि दोन पानी परिचय घेऊन प्रकाशकाकडे जा. परदेशी हक्कांचा व्यवहार प्रकाशकानेच करायचा असतो, तो तुमच्या अंगावर घेऊ नका.

उलट दिशेलाही तेच. मराठी कादंबरी इंग्रजीत जावी म्हणून एजंटाला विचारलं, तर त्याचा पहिला प्रश्न असतो की अनुवादाचे हक्क कुणाकडे आहेत. लेखकाने करारात ते मराठी प्रकाशकाला कायमचे देऊन टाकलेले असले की व्यवहार तिथेच अडतो.

कलम_एकोणीस

मावळतीच्या भाषांतरकार ताईंनी माझ्या दुखऱ्या विषयाला हात घातला. नकारांचा खरा तोटा नकारात नसतो. चार नकारांनंतर हातात येईल त्या कागदावर माणूस सही करतो, तिथे तो होतो.

हा प्रस्ताव बहुतेकांना येतो: "आम्ही काढतो, पण २०० प्रती तुम्ही ४० टक्के सवलतीत घ्या." फॉर्म_सोळा यांचीच किंमत धरू. ३५० ची प्रत २१० ला, दोनशे प्रती म्हणजे ४२ हजार. ते काही बेकायदा नाही. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणाही नाही. पण मग त्याला स्वखर्च म्हणायचं, आणि चार गोष्टी लेखी घ्यायच्या: किती प्रती छापल्या त्याचा मुद्रकाच्या बिलासह पुरावा, उरलेल्या प्रतींवर मानधन किती, हिशेब वर्षातून कधी, आणि न खपलेल्या प्रतींचं काय. 'आयएसबीएन नोंदणी शुल्क' म्हणून हजारो रुपये लावले असतील तर सावध व्हा, आपल्याकडे पुस्तकाचा तो ओळख क्रमांक सरकारी यंत्रणा विनामूल्य देते. इंग्रजी एजंटाने वाचनासाठी आगाऊ पैसे मागितले तर तिथूनच नमस्कार करा. एजंटाचं उत्पन्न म्हणजे तुमच्या मानधनातला वाटा. देशी करारावर सर्वसाधारणपणे १५ टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर २० च्या आसपास.

आता कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. हक्क दिल्याचा करार लेखी आणि सही केलेला लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास, तो संपल्याचं मानलं जातं. पण "कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत" असं छापलेल्या कागदावर सही केलीत तर या तरतुदी तुमच्या उपयोगाच्या नाहीत. तेव्हा छापील पुस्तकाचे हक्क द्या, ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक यांचे वेगळे टक्के ठरवा, अनुवाद आणि चित्रपट-मालिका शक्यतो स्वतःकडे ठेवा.

"नाकारून माझी कल्पना चोरली तर?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहितो. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो, आणि तो लिहिल्या क्षणापासून असतो. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे. स्वतःच स्वतःला रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून न उघडता ठेवण्यात फारसा अर्थ नाही. प्रकाशकाला पाठवलेला तारखेसकटचा ईमेल त्याहून उपयोगी पुरावा आहे.

फॉर्म_सोळा

+१. पहिलं पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही बघा. जाहिरात येते, हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासून घेतलं जातं. तिथून नकार आला तरी प्रकाशकांची दारं तशीच उघडी राहतात, आणि मंजुरी आली तर वरचा सगळा ७० हजारांचा हिशेब प्रकाशकासाठी सोपा होतो.

काना_मात्रा

नकारानंतर पहिले दोन दिवस काहीच लिहू नका, हे कुणी लिहिलं नाही? पत्राचा फोटो फेसबुकवर, संपादकाच्या नावासकट? टिळक रस्त्यावरच्या साहित्य परिषदेपासून अप्पा बळवंत चौकापर्यंत चालत पंधरा मिनिटं लागतात, बातमी त्याआधी पोचते. आणि ज्याने नाकारलं तो उद्या एखाद्या पुरस्काराच्या समितीवर असतो. :)

नवी_कथाकार

दंडवत सगळ्यांना. एकच शेवटचं. आमच्या ओळखीच्या एका आजोबांचं हस्तलिखित अक्षरशः हाताने लिहिलेलं आहे, तीन वह्या. ते कसं द्यायचं, आणि नकार आला तर परत मिळतं का?

शनिवारपेठी

मूळ वह्या कुठेच देऊ नका. बहुतेक प्रकाशक नियमांतच लिहितात की नापसंत हस्तलिखित परत पाठवलं जाणार नाही, आणि काही महिन्यांनी ते रद्दीत जातं. वह्यांची एका बाजूने झेरॉक्स काढा, पानांना सलग क्रमांक घाला, स्पायरल बांधणी करा. चाळीस-पन्नास पानं टाइप करून घेऊन ती झेरॉक्सच्या वर ठेवा, म्हणजे पहिला हात तरी ओलांडला जाईल. कचेरीत नेऊन देणार असाल तर पोच घ्या, तीत पानांची संख्या आणि तारीख लिहून. नकार आला तर पंधरा दिवसांत जाऊन प्रत घेऊन या. समासात वाचकाच्या पेन्सिलीच्या खुणा सापडल्या तर त्या खोडण्याआधी तक्त्यात उतरवा.